गहू माळ्यावर ठेवायचा की खाली?

दोन खोल्यांच्या घरात सामान बसवायचं कसं, यावर एकदा बोला, असं बऱ्याच जणांनी कळवलं होतं. तसे व्हिडिओ ढिगाने आहेत. एकसारखे डबे, त्यावर चिठ्ठ्या, पलंगाच्या पोटात कप्पे. दिसायला छानच. पण ते बघताना मला दर वेळी वाटतं, की या घरात कधी पाणी शिरलेलं नाही.

माझं माहेर पाटण तालुक्यातलं आणि सासर सांगलीच्या गावभागातलं. कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि मग सांगलीला येते, तशीच मीही आले म्हणा! पण सामान ठेवण्याचे दोन्ही घरांचे कायदे एकदम उलटे.

माहेरी जड वस्तू डोक्याच्या वर ठेवायची नाही. 11 डिसेंबर 1967 ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा आई आठ-नऊ वर्षांची होती. माणसं झोपेत होती आणि घरं दगडमातीची. तेव्हापासून आमच्याकडे हंडे-पातेली, पाटा-वरवंटा सगळं जमिनीला. फळीवर सूप, टोपल्या, फार तर पापडाचा डबा. अंथरूण घालतो त्या जागेवर तर फळीच नको. तिकडे लहानसहान धक्के अजून बसतात, त्यामुळे आईचा हा कायदा जुना झालेला नाही.

सासरी काय? तर जमिनीवर ठेवलं ते नदीचं. हे सासूबाईंचं वाक्य. 2005, 2019, 2021, तिन्ही पूर त्यांनी याच घरात बघितले. आयर्विन पुलापाशी इशाऱ्याची पातळी 40 फूट, धोक्याची 45. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. ओसरल्यावर आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना ढीग लागले, त्यात सगळ्यात जास्त काय होतं सांगू? कापसाच्या गाद्या आणि प्लायवूडचे पलंग. जागा वाचवायची म्हणून घेतलेले ते पेटीचे पलंग फुगून उकलले, आणि आत ठेवलेलं सगळं त्यांच्याबरोबर गेलं. लोखंडी कॉट मात्र धुऊन परत घरात आल्या.

हरिपूरच्या हळदीच्या पेवांचं उदाहरण मला यासाठी नेहमी आठवतं. जमिनीत खोल खड्डा, तोंड चिंचोळं, हळद भरून ते बंद करायचं. आत हवा नाही म्हणून कीड नाही, हळद वर्षानुवर्षं टिकायची. जागा न अडवणारी इतकी हुशार साठवण मी तरी दुसरी बघितलेली नाही. आणि 2005 च्या पुरात त्याच पेवांत पाणी उतरलं. हळद गेली, कित्येक पेवंही कायमची गेली.

तर आमच्या घरात आता दोन्ही कायदे चालतात. धुऊन परत वापरता येतं ते खाली: स्टीलची भांडी, कुकर, तवे, बादल्या. भिजलं की संपतं ते वर: कागद, कपडे, शाळेची पुस्तकं, औषधं. इथपर्यंत आई आणि सासूबाई दोघी खूश.

भांडण येतं ते गव्हावर. उन्हाळ्यात वर्षाची बेगमी भरायची आपली पद्धत. गहू-ज्वारीचं पोतं जडही असतं आणि भिजतंही! वर ठेवावं तर आईला झोप नाही, खाली ठेवावं तर सासूबाईंना. मी पोतंच बंद केलं. धान्य तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यांत भरते. एक डबा एका माणसाला उचलता येतो, शेजारच्या पोरालाही जिन्यावरून वर नेता येतो. माळ्यावर ठेवायचे तर स्वयंपाकखोलीच्या कडेच्या भिंतीला, पुढून आडवी पट्टी मारून, आणि खाली कुणी झोपत नाही अशा जागी. शिवाय जूनच्या आधी वर्षाचं भरायचंच नाही. दिवाळीपर्यंत पुरेल एवढं आणायचं. थोडं महाग पडतं, पण भिजलेलं पोतं त्याहून महाग.

कागदांची पिशवी एकच, दाराजवळच्या उंच खुंटीला. रेशनकार्ड, आधार, खरेदीखत, मुलांचे दाखले, सासूबाईंच्या साखरेच्या गोळ्यांची चिठ्ठी. पूर ओसरला की पंचनाम्याला कागदच लागतात, आणि नेमके तेच भिजलेले असतात. ही पिशवी कपाटात कुलपात ठेवू नका. अंधारात, चिखलात किल्ली शोधत कोण बसणार?

आणि हो, गॅसची टाकी. ती पाण्यात तरंगते, घरभर आपटत फिरते. पावसाळ्यात ती साखळीने खिडकीच्या गजाला बांधलेली असते. घर सोडताना रेग्युलेटर काढायचा, टोपी लावायची.

कोयनेतून विसर्ग वाढवला अशी बातमी आली, की आम्ही 40 फुटांची वाट बघत नाही. ते पाणी इथवर यायला वेळ लागतो, तेवढ्यात खालचे दोन कप्पे रिकामे होतात.

एक गोष्ट मात्र अजून अडलेली आहे. सासूबाईंची लग्नातली लोखंडी ट्रंक. जूनमध्ये साड्या वर आणि रिकामी ट्रंक खाली, असं मी सुचवून बघितलं. त्या म्हणाल्या, "रिकामी ट्रंक घरात ठेवू नये." आईचं मत, भरलेली ट्रंक वर चढवू नये. सध्या ती दोन सिमेंटच्या विटांवर आहे आणि दोघींनाही ते पसंत नाही. तुमच्याकडे अशा ट्रंकेचं काय करतात, ते मला जरूर कळवा.