अक्रोडाचा भुसा आणि रायफलीचा दस्ता

(भाषणाचा मजकूर)



परवान्याने घरात असलेल्या रायफलीच्या नळीला वेळच्या वेळी तेल मिळते. तिच्या लाकडाकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. आपल्याकडील पावसाळ्यात ते लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि निवडणुकीच्या वेळी ठाण्यात जमा करताना, परत आणताना त्याचे टवके उडतात. अशी उणीव अक्रोडाच्या भुशाने भरून काढण्याची रीत कारागिरांत रूढ आहे. रीत चांगली आहे. पण तिची मर्यादा न ओळखल्यास ती अंगाशी येते.

दस्त्यासाठी अक्रोड पसंत केला जातो तो त्याच्या गुणांमुळे. वजन बेताचे, रेषा चिवट, धक्का सोसण्याची ताकद आणि हवामानाने फारसे न वाकणारे असे हे लाकूड आहे. ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेल्या आणि पुढे इशापूरच्या कारखान्यातही तयार झालेल्या .303 ली-एनफील्ड रायफलीला प्रामुख्याने अक्रोडाचे दस्ते असत. युद्धकाळात बीचसारखे लाकूडही चालवून घ्यावे लागले. उत्तर प्रदेश पोलिसांनी ही रायफल 2020 च्या प्रजासत्ताकदिनी निवृत्त केली. तिच्याच धाटणीची .315 बोअरची इशापुरी रायफल मात्र परवानाधारकांच्या घरी आजही आढळते.

भुसा करवतीचा चालत नाही, तो भरड पडतो. काचकागदाने घासून निघालेली पिठासारखी पूड हवी, आणि शक्य तर त्याच दस्त्याच्या झाकलेल्या भागातली. सागाचा भुसा त्यात मिसळला की रंग बिघडलाच. जुने लाकूड तेलाने माखलेले असते, म्हणून आधी स्पिरिट वा अॅसिटोनने ते तेल काढावे लागते. नाहीतर लुकण धरत नाही. मग दोन भागांच्या एपॉक्सीचा पातळ हात खड्ड्यात देऊन, उरलेल्या एपॉक्सीत भुसा कालवून घट्ट लुकण भरतात, किंचित उंच ठेवतात आणि एक दिवस वाळल्यावर रेषांच्या दिशेने घासून सपाट करतात. लुकण वाळल्यावर लाकडापेक्षा गडद दिसते, हा नवख्यांना हमखास चकवा. टाकाऊ तुकड्यावर आधी रंग पाहिलेला बरा. नुसता दाबला गेलेला खळगा असेल तर भुशाची गरजच नाही. ओले फडके ठेवून वर तापलेली इस्त्री टेकवली की वाफेने दबलेल्या रेषा पुष्कळशा वर येतात.

आता खरी मेख. भुशाचे लुकण टवका भरते, चीर सांधत नाही. गोळी सुटताना मागे येणारा सारा धक्का लाकडावर येतो. चीर मुठीजवळच्या बारीक मानेत किंवा लोखंड लाकडावर टेकते त्या जागी असेल, तर तिच्या आत शेवटपर्यंत डिंक पोहोचवून, शिकंज्यात आवळून, आडवी खुंटी वा स्क्रू घालावा लागतो. इशापूरच्या कारखान्यानेही पुढच्या लाकडाला बळकटी देण्यासाठी आडवा स्क्रूच घातला होता. वरून भुसा चोळलेली चीर दिसत नाही, पण दर बारामागे वाढत राहते, आणि दस्ता तुटतो तो नेमका गालाशी टेकलेला असताना.

1959 च्या शस्त्र अधिनियमातील कलम 5 प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती परवान्याशिवाय करता येत नाही. काम परवानाधारक दुरुस्तीकाराकडेच द्यावे. पण झालेले काम मालकाला पारखता आले पाहिजे. रायफल रिकामी असल्याची खात्री करून दस्त्यावर अळशीच्या तेलाचा बोळा फिरवावा. लाकूड तेल पिते, एपॉक्सी पीत नाही. भरलेली जागा वेगळी उठून दिसते. ती ठिपक्यासारखी असेल तर काळजी नाही. रेषेसारखी लांब असेल, तर लोखंड उतरवून आतली बाजू दाखवण्यास दुरुस्तीकाराला सांगावे. चीर आरपार गेली असेल, तर ती तेथे दिसते.

तेलाचा बोळा मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये. अळशीचे तेल वाळताना तापते आणि असे फडके आपोआप पेट घेते. ते उघड्यावर पसरून वाळवावे.