राजकथा आणि स्वाध्यायसभेची मर्यादा

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाची संहिता)



स्वाध्यायाचा वर्ग भरलेला असतो. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांचे वाचन चालू असते. बंध, वध, छेद हे झाले आणि 'अतिभारारोपण' हा शब्द येतो. मुक्या जनावरावर त्याच्या शक्तीबाहेर ओझे लादणे, असा त्याचा अर्थ सांगितला जात असतानाच मागच्या रांगेतून एखादे गृहस्थ म्हणतात, "सरकारने व्यापाऱ्यांवर जे लादले आहे, तेही यातच धरा." हशा पिकतो. दुसरे गृहस्थ सरकारची बाजू घेतात, तिसरे आधीच्या सरकारचा हिशेब काढतात. ग्रंथ चौरंगावर उघडाच राहतो. पाच मिनिटांपूर्वी जिथे साधर्मिक बसले होते, तिथे आता दोन पक्ष बसलेले असतात.

निवडणुकीच्या दिवसांत थोड्याफार फरकाने हे दृश्य गावोगावी दिसते. त्यातून होणारी हानी त्या दिवशी लक्षात येत नाही. वाद घालणारे दोघेही पुढच्या आठवड्यात हजर असतात. किंबहुना थोडे लवकरच येतात. येत नाही तो तिसराच कोणी. त्याचे मत सभेतील बहुसंख्यांपेक्षा वेगळे असते, पण ते मांडण्याची त्याला इच्छाही नसते आणि बळही नसते. तो तक्रार करत नाही. विचारले तर गुडघ्याचे दुखणे सांगतो. पंधरा-वीस जणांच्या वर्गातून अशी तीन-चार माणसे गेली की उरलेल्या सभेला स्वाध्याय म्हणावे की बैठक, हा प्रश्न पडतो.

हा प्रश्न आजचा नाही. स्थानांगसूत्राच्या चौथ्या स्थानात चार विकथा सांगितल्या आहेत : स्त्रीकथा, भक्तकथा, देशकथा आणि राजकथा. भक्तकथा म्हणजे खाण्यापिण्याच्या गप्पा. (पर्युषणात पारण्याच्या पदार्थांची चर्चा कोठे व किती रंगते, हे उपस्थितांना सांगावयास नको.) राजकथेचे पुन्हा चार प्रकार आहेत : राजाच्या नगरप्रवेशाची कथा, त्याच्या नगराबाहेर निघण्याची कथा, सैन्य व वाहनांची कथा आणि कोश व कोठारांची कथा. आज राजा नाही. परंतु नेत्याची मिरवणूक, त्याचे दौरे, त्याच्या ताफ्यातील गाड्या आणि तिजोरीचा हिशेब हेच आपल्या गप्पांचे चार विषय आहेत, हे कोणीही पडताळून पाहावे.

प्राचीन टीकाकारांनी या कथांचे दोष सांगताना उपदेशापेक्षा व्यवहाराची दृष्टी अधिक ठेवलेली दिसते. साधू राजाविषयी बोलू लागले तर ते हेर, चोर किंवा मारेकरी असावेत असा संशय येईल. ज्याने राजवैभव भोगून दीक्षा घेतली त्याला ते पुन्हा आठवेल, आणि ज्याने भोगले नाही त्याला ते हवेसे वाटेल. देशकथेचा दोष तर त्यांनी अधिकच नेमका सांगितला आहे : तिच्यातून राग-द्वेष उपजतो, स्वपक्ष-परपक्ष उभे राहतात आणि कलह होतो. पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत 'अपध्यान' या अनर्थदंडाचा अर्थ सांगताना दुसऱ्यांचा जय, पराजय, वध, बंधन कसे होईल याचे मनात चिंतन करणे, असे म्हटले आहे. मतमोजणीच्या आदल्या रात्री आपले चिंतन कोणत्या प्रकारचे असते, हे ज्याचे त्याने पाहावे.

सामायिकाच्या वचनासंबंधी दहा दोषांमध्येही विकथेचा समावेश आहे, आणि कलहाचाही. सामायिकाचा काळ एका मुहूर्ताचा, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांचा. त्यातली पंधरा राजकथेला गेली तर तेहतीस उरतात. आणि त्या तेहतीस मिनिटांतही मन उत्तर जुळवत असते.

तथापि, यावरून जैन परंपरेने राजकारण अस्पृश्य मानले असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकीचा ठरेल. दहाव्या शतकात सोमदेवसूरींसारख्या आचार्यांनी 'नीतिवाक्यामृत' हा राजनीतीवरचा ग्रंथ लिहिला. आचार्य हेमचंद्र कुमारपाल राजाचे मार्गदर्शक होते. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली, ती समाजाच्या प्रश्नांकडे पाठ फिरवून नव्हे. ऑगस्ट २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने संथाऱ्याला आत्महत्येसमान ठरविले, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. त्या तीन आठवड्यांत मंदिरात न्यायालयाचे नावही काढू नये, असे म्हणणे हास्यास्पद झाले असते. २०१४ साली राष्ट्रीय पातळीवर मिळालेला अल्पसंख्य दर्जा आणि जानेवारी २०२३ मध्ये सम्मेदशिखरावरील पर्यटनाविरुद्ध झालेले आंदोलन, हेही शासनाशी निगडित असलेले समाजाचेच विषय होते.

मग सीमारेषा कोठे? शिखरजीसंबंधी निवेदन कसे लिहावे, कोणाकडे पाठवावे, ही चर्चा विषयाला धरून आहे. तीच चर्चा 'अमुक पक्ष असता तर असे झालेच नसते' या वाक्यापाशी आली की राजकथा सुरू झाली. निवेदनाची चर्चाही स्वाध्यायाच्या वेळेत नको. तिच्यासाठी कार्यकारिणीची सभा आहे, तिथे विषयपत्रिका असते आणि इतिवृत्तही लिहिले जाते. उमेदवारांनी देवदर्शनाला अवश्य यावे. मात्र सभागृहात त्यांच्या प्रचाराला वाव देणे केवळ अनुचित नाही, तर १९८८ च्या धार्मिक संस्थांच्या गैरवापरास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यानेही ते निषिद्ध आहे. शाल-श्रीफळाची यादी करणाऱ्यांनी एवढे ध्यानी ठेवावे.

खरी परीक्षा वर्ग चालविणाऱ्याची असते. त्याने पहिल्या वाक्यालाच थांबवावे; पाचव्या वाक्यानंतर थांबविले तर शेवटी बोलणाऱ्यावर अन्याय होतो. 'तुमचे म्हणणे चूक आहे' असे म्हणून थांबवू नये, कारण तेही पक्षाचेच वाक्य झाले. "काका, हे बाहेर बोलू" एवढे पुरते. भाषासमितीने हित, मित आणि प्रिय बोलण्याची अपेक्षा ठेवली आहे; विषयांतर रोखणाऱ्यालाही ती लागू आहे.

आणि ज्याचे मत स्वतःला पटते, त्याला त्याने सर्वांआधी थांबवावे. बहुतेक ठिकाणी घोडे अडते ते येथेच. आपल्या मताची राजकथा प्रमुखाला राजकथा वाटतच नाही. ती त्याला वस्तुस्थिती वाटते. सभागृहाच्या भिंतीवर ज्यांच्या नावाची संगमरवरी पाटी आहे त्यांचे बोलणे 'समाजचिंतन' ठरते, आणि महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाचे तेच बोलणे 'विषयांतर'. तो मुलगा दोन वेळा हे पाहतो, तिसऱ्या वेळी येत नाही. मग सुवर्णमहोत्सवात 'तरुण पिढी का येत नाही' या विषयावर परिसंवाद ठेवावा लागतो.

मतभेदच नकोत, असा याचा अर्थ नव्हे. स्वाध्यायाच्या पाच अंगांत पृच्छना आहे. शंका विचारणे हे वाचनाइतकेच स्वाध्यायाचे अंग आहे. धर्मकथेच्या चार प्रकारांत विक्षेपणी कथा आहे, तिच्यात परमताचीही मांडणी करून विचार होतो. अतिभारारोपणाचा अतिचार आज बैलगाडीवाल्याला लागतो की हमालाच्या पाठीवर ठरलेल्या वजनापेक्षा जड पोते चढविणाऱ्या अडत्यालाही लागतो, यावर त्या वर्गात कडाक्याचा वाद होऊ शकला असता. त्या वादात मागच्या रांगेतील व्यापारी गृहस्थांना सरकारविषयी नव्हे, स्वतःच्या गोदामाविषयी बोलावे लागले असते.

मंदिरात प्रवेश करताना श्वेतांबर 'निसीहि' आणि दिगंबर 'निःसही' असे तीन वेळा म्हणतात. संसारातील व्यापार दाराबाहेर ठेवल्याची ती घोषणा आहे. तो शब्द उच्चारून आत आलेल्या माणसाला परत जाताना कोणी अडवीत नाही; ओसरीवर चपला घालता घालता ज्यांना महापालिकेपासून दिल्लीपर्यंतचा कारभार सुधारायचा असेल, त्यांच्यासाठी तिथे बाक आहे आणि बहुतेक ठिकाणी समोर चहाचे दुकानही आहे.