बावटा चढण्याआधीचे दोन दिवस

(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



वसंत व्याख्यानमालांचा आणि अरबी समुद्रातल्या वादळांचा हंगाम एकच. मे महिन्यात बंदरावर धोक्याचा बावटा चढला की आपले कोळी बांधव होड्या खाडीत आणतात, दोरखंड दुहेरी करतात, जाळी घरात घेतात. त्या दिवसांची मासळी बुडते. ती भरून द्यायला कोणी येत नाही, तरी ते समुद्रावरून परततात.

याच दिवसांत, मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर पश्चिमेला, मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रावर वेगळीच घाई चाललेली असते. पावसाळ्यात समुद्रावरचे बांधकाम जवळपास बंद ठेवावे लागते. म्हणून वेल्डिंग, रंगकाम, पाइपलाइनची दुरुस्ती, सारे ऑक्टोबर ते मे या महिन्यांत उरकायचे असते. मे उजाडला की उरलेल्या कामाचे दिवस मोजणे सुरू होते. आणि नेमकी तेव्हाच अरबी समुद्रात मोसमी पावसापूर्वीची वादळे उठतात. तेलक्षेत्रातल्या आपत्तीची चर्चा वाऱ्याच्या वेगापासून सुरू होते. मला ती कॅलेंडरपासून सुरू करावीशी वाटते.

१७ मे २०२१. तौक्ते वादळ मुंबईच्या पश्चिमेकडून गुजरातकडे सरकत होते. मुंबई हायच्या परिसरात ‘पी-३०५’ नावाची बार्ज होती. बार्ज म्हणजे तरंगती चाळच. दिवसभर प्लॅटफॉर्मवर काम करायचे आणि रात्री तिथे येऊन जेवायचे, झोपायचे. तिच्यावर २६१ माणसे होती. वेल्डर, फिटर, रिगर, स्वयंपाकी, बहुतेक कंत्राटी, देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली. वादळात नांगर तुटले, बार्ज वाहत जाऊन एका प्लॅटफॉर्मवर आदळली, तळाला भोक पडले आणि संध्याकाळी ती बुडाली. ‘आयएनएस कोची’, ‘आयएनएस कोलकाता’ आणि नौदलाच्या इतर जहाजांनी रात्रभर त्या उसळत्या पाण्यातून माणसे वेचली. १८६ वाचली. बाकीची गेली. ‘वरप्रदा’ ही टग, म्हणजे बार्ज ओढणारी बोट, तीही बुडाली. तिच्यावरच्या १३ जणांपैकी दोघे हाती लागले. ‘गॅल कन्स्ट्रक्टर’ नावाची दुसरी बार्ज वाहत पालघरच्या किनाऱ्याकडे गेली आणि तिच्यावरचे सर्व १३७ जण सुखरूप उतरले. किनाऱ्याला आलेल्या कित्येक मृतदेहांची ओळख पटवायला डीएनए चाचण्या कराव्या लागल्या. घरची माणसे हातात फोटो घेऊन मुंबईत थांबली होती. ते दृश्य ज्यांनी पाहिले त्यांना हा विषय कोरडा वाटणार नाही.

आता एक प्रश्न. अंदाज नव्हता का? होता. हवामान खात्याचे इशारे अनेक दिवस आधीपासून येत होते, कोळी बांधवांना माघारी बोलावले गेले होते. कमी पडले ते दुसरेच काहीतरी. एक साधा हिशेब मांडतो.

अशा बार्जला स्वतःचे चालते इंजिन नसते. ती आठ-आठ नांगरांवर चारही बाजूंनी ताणून उभी असते. ती हलवायची म्हणजे आधी टग यायला हवी, मग एकेक नांगर उचलायला हवा, आणि मग ओढत न्यायचे. ओढण्याचा वेग चार नॉट धरा, म्हणजे ताशी साडेसात किलोमीटर. १६० किलोमीटर म्हणजे एकवीस-बावीस तास, तेही समुद्र शांत असताना. त्यात नांगर उचलण्याचे तास मिळवा, टगची वाट पाहणे मिळवा, बंदरात जागा मिळणे मिळवा. दोन दिवस सहज जातात. म्हणजे ‘निघा’ हा हुकूम समुद्र अजून सपाट असताना, आकाश निळे असताना द्यावा लागतो. काम पूर्ण होत आले आहे, वादळ कदाचित वळेल, असे सगळ्यांना वाटत असतानाच. निळ्या आकाशाखाली काम थांबवणे हे या धंद्यातले सर्वांत अवघड धैर्य आहे. ते एका कप्तानाच्या छातीवर सोडून देणे मला अन्यायाचे वाटते.

जागेवरच तग धरू, वादळ अंगावरून जाऊ देऊ, हा विचार जुना आहे आणि त्याची किंमतही जुनी आहे. नोव्हेंबर १९८९ मध्ये थायलंडच्या आखातात ‘सीक्रेस्ट’ हे विहिरी खोदणारे जहाज ‘गे’ वादळात जागेवरच थांबले आणि उलटले. ९७ माणसांपैकी ९१ मेली.

याच्या उलट मेक्सिकोच्या आखाताकडे पाहा. २००५ च्या ऑगस्टअखेरीस कॅटरिना आणि महिन्याभरात रीटा, अशी दोन प्रचंड हरिकेन तिथल्या तेलक्षेत्रावरून गेली. शंभराहून अधिक प्लॅटफॉर्म उद्ध्वस्त झाले. पोलादाचे मनोरे मोडून तळाला गेले. आणि त्या प्लॅटफॉर्मवर प्राणहानी किती झाली? शून्य. कारण तिथे माणूसच नव्हता. तिथली पद्धत उलट्या मोजणीची आहे. वादळ किती तासांवर आहे, त्यावर पायऱ्या ठरलेल्या असतात. आधी स्वयंपाकघर, रंगकाम, खोदकाम यांची जादा माणसे हेलिकॉप्टरने किनाऱ्यावर. मग खोदकाम थांबवून विहीर सुरक्षित करणे. शेवटी उत्पादन बंद करून उरलेले सगळे बाहेर. कॅटरिना किनाऱ्याला लागण्याआधी आखातातले ९० टक्क्यांहून अधिक तेल-उत्पादन बंद केले होते. केवढे नुकसान! पण कोणाला विचारत बसावे लागले नाही. कागदावर लिहिलेला तास आला की माणूस निघतो.

विहिरीचे काय होते, असे मला नेहमी विचारतात. समुद्रतळाच्या खाली, विहिरीच्या नळीत एक झडप बसवलेली असते. वरून द्रवाचा दाब असेपर्यंतच ती उघडी राहते. दाब गेला की स्प्रिंग तिला मिटवते. वरचा प्लॅटफॉर्म मोडून पडला तरी ही झडप आपोआप मिटते. काहीही बिघडले तर आपोआप सुरक्षित बाजूला पडावे, ही या झडपेतली बुद्धी. माणसांच्या बाबतीत आपली व्यवस्था उलटी आहे. तिथे संदेश आला नाही, टग आली नाही, साहेबांचा फोन लागला नाही, तर माणूस आपोआप समुद्रातच राहतो.

किनाऱ्यावरच्या कारखान्यांचाही एक धडा सांगतो, कारण मुंबई हायचे तेल आणि वायू समुद्राखालच्या नळांतून आपल्याच उरणला येतात. कॅटरिनात लुइझियानाच्या मेरो गावी एका शुद्धीकरण कारखान्यात अडीच लाख बॅरल मावतील अशी टाकी होती. त्या दिवशी तिच्यात जेमतेम ६५ हजार बॅरल तेल होते. बांध फुटले, पाणी चढले आणि ती अवाढव्य टाकी बादलीसारखी तरंगली, सरकली, फाटली. सुमारे २५ हजार बॅरल, म्हणजे ४० लाख लिटरच्या आसपास तेल पुराच्या पाण्यात मिसळले आणि १,८०० घरांत शिरले. पूर ओसरला तरी भिंतींवरचा काळा पट्टा राहिला. उपाय काय? वादळाआधी टाक्या रिकाम्या करायच्या नाहीत, उलट तेलाने वा पाण्याने भरून जड करायच्या. सामान्य बुद्धीला हे उलटे वाटते. म्हणूनच ते आधी लिहून ठेवावे लागते आणि टाकीवर काम करणाऱ्या पोराला कळेल अशा मराठीत-हिंदीत लिहावे लागते. भरायला वेळ लागतो, पंपाला वीज लागते. म्हणजे इथेही तेच दोन दिवस.

आपल्याकडे जून २०२३ मध्ये बिपरजॉय वादळ आले, तेव्हा द्वारकेच्या समुद्रातल्या ‘की सिंगापूर’ रिगवरून तटरक्षक दलाने सर्व ५० माणसे हेलिकॉप्टरने काढली. कोणालाही इजा झाली नाही. त्या वैमानिकांना मी मनापासून नमस्कार करतो. पण खवळलेल्या समुद्रावर, संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळी त्यांना जीव धोक्यात घालून उडावे लागले. तीच माणसे दोन दिवस आधी साध्या बोटीने आली असती.

काय करावे, हे विचारायला आपण मला बोलावले आहे. पी-३०५ वरून वाचलेल्यांनी सांगितले, की जीवरक्षक तराफे फुटके निघाले. तेव्हा प्रत्येक तराफा मेच्या पहिल्या तारखेला उघडून तपासा. बार्जवर कोण आहे त्याची नावनिशी रोज किनाऱ्यावर पोचू द्या, नावासोबत गाव आणि घरचा फोन. निघण्याचा तास आधी ठरवा आणि तो पुढे ढकलण्याचा अधिकार कामाचा ठेका ज्याच्याकडे आहे त्याला देऊ नका.

आणि करारात एक ओळ घाला. वादळामुळे बार्ज बंदरात उभी राहिली, त्या दिवसांचे भाडे मालकाला आणि मजुरी वेल्डरला, फिटरला, स्वयंपाक्याला पूर्ण मिळेल. वादळ वळून गेले आणि बार्ज उगाच आणली असे ठरले, तरीही मिळेल.