हिरवी रेघ

सलाइनची बाटली, ऑक्सिजनची नळी यांची माणसाला सवय होऊन जाते. खाटेच्या डोक्याशी लावलेल्या मॉनिटरवरच्या हिरव्या रेघेची मात्र होत नाही. २०१६ च्या पावसाळ्यात अम्मीच्या उशाशी बसून मी कैक रात्री त्या रेघेच्या सोबतीनं काढल्या. कविता लिहिणाऱ्याला मात्रा मोजायची खोड असते. मी पडद्याकडे कमी पाहायचो, बीप-बीप आवाजच जास्त ऐकायचो.

अम्मी उभ्याउभ्या कोसळायची आणि दोन मिनिटांत उठून कामाला लागायची. अमरावतीत दोन दवाखाने झाले. कार्डिओग्राम काढावा तेव्हा नेमका चांगला यायचा. एका रात्री बीप अडखळली. मी धावत डॉक्टरांना बोलावून आणलं, तोवर रेघ ताळ्यावर आली होती. "तार हलली असेल," ते म्हणाले. तार हलली तरी रेघ बिघडते हे खरं आहे. पण मी ऐकलं होतं, आणि दाखवायला माझ्याजवळ कागद नव्हता.

पडद्यावर दिसतं ते सगळं जपून ठेवलं जातं, असा माझा समज होता. तसं नसतं. नाडी, ऑक्सिजन, रक्तदाब यांचे आकडे यंत्रात बरेच तास राहतात. लहरींचं तसं नाही. नवी रेघ काही सेकंदांत जुनीला पुसत जाते. बऱ्याच यंत्रांत अलार्म वाजला तेवढाच तुकडा राहतो आणि रुग्णाचं नाव काढलं की बहुधा तोही जातो. म्हणजे कुणीतरी वेळेवर बटन दाबायला हवं.

अकोल्याला बहीण राहते. बडनेरा, मूर्तिजापूर करत अम्मीला तिकडे नेलं. तिथं तिसऱ्या रात्री आवाज थांबला. एक, दोन, तीन... सिस्टरनं एका हातानं अम्मीला हलवून हाक मारली आणि दुसऱ्या हातानं रेकॉर्डचं बटन दाबलं. बटन दाबण्याआधीचे काही सेकंदही ते यंत्र धरून ठेवत होतं, हे आमचं नशीब. खरखर करत दोन-तीन बोटं रुंदीची पट्टी बाहेर आली. तोवर अम्मी डोळे उघडून विचारत होती, "क्या हुआ?"

सकाळी डॉक्टरांनी पट्टी वाचून दाखवली. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, त्यामुळे पाच मोठे चौकोन म्हणजे एक सेकंद. मधे वीस चौकोन एकही उंच टोक नव्हतं. चार सेकंद! बारीक उंचवटे मात्र वेळच्या वेळी येत होते. वरच्या कप्प्याचा निरोप निघत होता, पण खालच्या कप्प्यापर्यंत पोचत नव्हता. शिवाय खाली बोटाच्या चिमट्याची लहर होती, तीही त्याच वेळी सपाट झालेली. नुसती तार हलली असती तर ती चालू राहिली असती.

या टोकांना पी, क्यू, आर, एस, टी अशी नावं देणारा हॉलंडचा आइन्थोवेन रुग्णाचे हात-पाय मिठाच्या पाण्यात बुडवून रेघ काढायचा. १९०५ मध्ये त्यानं दीड किलोमीटरवरच्या इस्पितळातली रेघ तारेवरून आपल्या प्रयोगशाळेत आणली. १९२४ चं नोबेल त्याचंच. आपल्या मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं तर मोबाईलवरून कार्डिओग्राम पाठवणारं हातात मावेल एवढं यंत्र तयार केलं आहे.

त्या चार सेकंदांच्या जोरावर अम्मीला पेसमेकर बसला.

"भाऊ, आजच झेरॉक्स काढून घ्या. हा कागद टिकत नाही," सिस्टरनं बजावलं होतं. तो कागद शाईचा नसतो, उष्णतेनं काळा होतो आणि हळूहळू उडतो. आपल्या वऱ्हाडच्या उन्हात तर विचारूच नका. मूळ पट्टी मी हौसेनं वहीत ठेवली होती, ती आज जवळजवळ कोरी आहे. म्हणून झेरॉक्सवर नाव, तारीख, वेळ लिहून ठेवावी. आणि मागायला लाजू नये. रुग्णानं मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यावीत, असं भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांतच आहे.

आमची झेरॉक्स पेसमेकरच्या कार्डासोबत रेशनकार्डाच्या पिशवीत असते. दर तपासणीला अम्मी आधी तीच काढून पुढे करते. डॉक्टर आता तिच्याकडे पाहतही नाहीत. तरी अम्मी ती उलगडून टेबलावर ठेवते आणि परत घडी घालून घरी आणते.