महिन्याचा बाजार आणि सवलतीचे गणित

सन 2002 मध्ये मुंबईच्या पवई उपनगरात राधाकिशन दमाणी यांनी डी-मार्ट या दुकानसाखळीचे पहिले दालन उघडले. बहुतांश इमारती स्वमालकीच्या राखून भाड्याचा भार टाळावा आणि पुरवठादारांची रक्कम अविलंब चुकती करून माल किफायतशीर दराने मिळवावा, या दुहेरी धोरणामुळेच तेथे छापील किमतीहून कमी भावात विक्री शक्य होते. म्हणूनच महिन्याच्या आरंभी तूरडाळ, पोहे, साबुदाणा, शेंगदाणे, कपड्यांचा साबण आणि स्टीलचे डबे यांची यादी घेऊन असंख्य कुटुंबे तेथे जातात. तथापि प्रत्येक जिन्नसाचे निव्वळ वजन, प्रतिकिलो दर व वापराची अंतिम मुदत अवश्य तपासावी. आणि यादीबाहेरील वस्तू कितीही स्वस्त असली तरी ती मांडणीवरच राहू द्यावी, ही आग्रहाची विनंती.