दाढेचे मूळ आणि आपले गैरसमज
(ओझर येथील ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



श्रीविघ्नहराच्या या क्षेत्री, कुकडीच्या काठी, विद्वानांनी बोलावे. परंतु मंडळाचा आग्रह मोडवेना, म्हणून एक घरगुती विषय घेऊन आम्ही उभे आहोत. तो म्हणजे दाढेच्या मुळावरील उपचार, ज्याला सर्वत्र ‘रूट कॅनॉल’ म्हणतात. आम्ही वैद्य नव्हे, जन्मभर शाळामास्तर. सांगणार ते काही दंतवैद्यांकडून समजून घेतलेले, काही स्वतः भोगलेले.

दात बाहेरून दगडासारखा कठीण, पण आतून पोकळ असतो. त्या पोकळीत नसा व रक्तवाहिन्या असलेला मऊ गर असतो आणि तो मुळांतील बारीक नळ्यांतून टोकापर्यंत गेलेला असतो. तोंडातील जंतू गोड व पिठूळ अन्नापासून आम्ल तयार करतात. त्याने दात पोखरतो. ‘कीड’ म्हणून वळवळणारा किडा तेथे नसतो. जंतू गरापर्यंत पोचले की ठणका लागतो. मग दंतवैद्य जागा बधिर करून बिघडलेला गर काढतात, नळ्या धुतात आणि बहुधा गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकापासून केलेल्या पदार्थाने त्या भरून टाकतात. मूळ उपटले जात नाही. ते हाडात जागच्या जागी राहते.

आता गैरसमज पाहू. पहिला, या उपचारात प्राणांतिक वेदना होतात. वस्तुतः वेदना रोगाची असते. उपचार ती शमवितो. दुसरा, वरच्या दाढेला हात लावला की दृष्टी जाते. दृष्टीची नस निराळी, दाढेची निराळी. तिसरा, असा दात अंगात विष पसरवितो. 1920 च्या दशकात अमेरिकेतील वेस्टन प्राइस या दंतवैद्याने तसे मांडले होते. पुढील काटेकोर संशोधनात ते टिकले नाही. चौथा, गोळ्या घेतल्या की पुरे. मेलेल्या गरात रक्तच पोचत नाही, तेथे गोळी काय पोचणार?

पाचवा गैरसमज आमचा स्वतःचा. पहिल्याच बैठकीत ठणका थांबला आणि आम्ही समजलो, दाढ बरी झाली. घरात लग्नकार्य होते. पुढच्या बैठकीस गेलोच नाही. तात्पुरते भरण निघून गेले, आणि एके दिवशी जेवताना दाढ दुभंगली. ती काढावीच लागली. आमच्या कुटुंबाने मात्र साऱ्या बैठका पुऱ्या केल्या, वर टोपी बसवून घेतली. त्या आज बाजरीची भाकरी दोन्ही बाजूंनी चावतात. अर्धा गृहपाठ आणणाऱ्या मुलास आम्ही कधी क्षमा केली नाही. ती शिक्षा अशी आमच्या वाट्यास आली.

प्रत्येक दात वाचतोच असे नाही. तो निर्णय दंतवैद्याचा. मधुमेह वा हृदयविकार असल्यास त्यांस आधी सांगावे. गालावर सूज, ताप, गिळण्यास वा श्वासास त्रास, असे झाल्यास रात्र काढू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे. आणि एकदा आरंभिलेला उपचार, ठणका थांबला तरी, तडीस न्यावा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.