वजन बाळाचं, विचारपूस आईची



अध्यक्षपद दिल्याबद्दल आभार मानायची रीत आहे. आभारी आहे. आता विषयाकडे वळते, कारण आपल्या परिषदांमध्ये हा विषय नेहमी जेवणाच्या आधीच्या सत्रात येतो आणि घाईघाईत उरकला जातो. बाळंतपणानंतरचं नैराश्य, आणि तेही हातावर पोट असलेल्या घरांतलं.

हा शिकल्यासवरल्या, शहरी बायकांचा आजार आहे, असं आपल्यातलेच काही जण अजून म्हणतात. त्याचं उत्तर शेजारच्या गोव्यातून केव्हाच आलं आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या २७० गरोदर स्त्रियांचा पाठपुरावा केला आणि २००२ साली निष्कर्ष छापले. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना नैराश्य होतं. त्यांच्यापैकी निम्म्याहून जास्त जणी सहा महिन्यांनीही बऱ्या झालेल्या नव्हत्या. त्याच वर्षी वेल्लोरजवळच्या कनियंबाडी तालुक्यातल्या खेड्यांचा अभ्यास आला. तिथलं प्रमाण ११ टक्के होतं, पण कारणं ओळखीचीच निघाली: तुटपुंजी कमाई, मुलगा हवा असताना झालेली मुलगी, सासूशी किंवा आईवडिलांशी बिनसलेलं, हाताशी मदतीला कुणी नाही. गोव्याच्या यादीत नवऱ्याची मारहाणही आहे. पुढे २०१७ मध्ये देशभरातल्या ३८ अभ्यासांची गोळाबेरीज झाली, तेव्हा सरासरी २२ टक्के भरली. म्हणजे साधारण पाचात एक.

गोव्याच्या अभ्यासातली एक गोष्ट आपण फारशी बोलत नाही. ज्या आयांना बाळंतपणानंतर नैराश्य दिसलं, त्यांच्यातल्या ७८ टक्के जणी गरोदरपणातच मनाने खचलेल्या होत्या. आपण ‘बाळंतपणानंतर’ म्हणतो खरं, पण दुखणं पोटुशी असतानाच घरात येऊन बसलेलं असतं आणि त्या काळात ती बाई लोहाच्या गोळ्या नि धनुर्वाताची सुई घ्यायला आपल्यासमोर चारदा येऊन गेलेली असते.

आपल्याकडच्या चालीरीतींना नावं ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. सव्वा महिना बाळंतिणीला एकटं सोडायचं नाही, तिला शेक द्यायचा, डिंकाचे नि अळिवाचे लाडू करायचे, पाचवीला सटवाई पुजायची. आईचं अंग आणि मन सावरायला यात पुष्कळ काही आहे. पण ही रीत पाळायला घरात दोन मोकळे हात लागतात आणि सव्वा महिन्याची मजुरी बुडवायची ऐपत लागते. ऊसतोडीच्या फडावरच्या कोपीत बाळंत झालेल्या बाईला कुठला आलाय सव्वा महिना? पंधरवड्यात ती मोळ्या बांधायला उभी राहते. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, दुसरं-तिसरं बहुधा सासरीच, आणि तिसरीही मुलगी असली तर लाडवांचा डबा निघतच नाही. गरिबीने रीत पार पोकळ केली आहे. बाईकडून पाळून घ्यायची बंधनं तेवढी शिल्लक राहिली, तिला मिळणारा आराम गेला.

गेल्या पावसाळ्यात एका आशाताईंबरोबर मी एका बाळंतिणीकडे एकविसाव्या दिवसाच्या भेटीला गेले होते. त्यांनी झोळीत बाळ घातलं, स्प्रिंगचा काटा डोळ्यांच्या रेषेत धरला. दोन किलो नऊशे. काखेत थर्मामीटर लावला, नाळेची जागा पाहिली, सगळं नीट लिहून घेतलं. काम चोख. बाळाची आई भिंतीला टेकून बसली होती. विचारलं की “बरंय” म्हणायची. कोपऱ्यातून सासूबाई सांगत होत्या, “खाती-पिती हाय, पण बाळ रडलं तरी हिला उठू वाटंना. आळस, दुसरं काय!” मग आशाताईंनी हात धुवायला कोमट पाणी मागितलं. सासूबाई चुलीकडे गेल्या तशी ती हळूच म्हणाली, “रातभर डोळा लागत न्हाई ताई. बाळ झोपलं तरी लागत न्हाई. छातीत धडधडतं. कशातच जीव लागंना. आपण नसलेलं बरं वाटतं.” पाणी येईपर्यंत एवढंच. तेवढ्यात निदान झालं होतं.

पण ते लिहायचं कुठे? घरच्या घरी नवजात बालकाची काळजी घेण्याची पद्धत आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने उभी केली. १९९९ साली तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि २०११ पासून आशांमार्फत ती देशभर गेली. महाराष्ट्राने देशाला दिलेल्या मोजक्या मोठ्या गोष्टींपैकी ही एक, असं माझं मत आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट. या भेटींच्या फॉर्मवर आईसाठीही रकाने आहेत: पोटभर जेवते का, दिवसात किती पॅड लागतात, ताप आहे का, अंगावर जाणाऱ्या स्रावाला घाण वास येतो का, असंबद्ध बोलते का, झटके येतात का, दूध येतं का. नीट पाहा. आई भ्रमिष्टासारखी बोलू लागली, तर हा फॉर्म तिला पकडतो. हजारात एखाद-दुसऱ्या बाळंतिणीला तसा तीव्र आजार होतो, तो तातडीचा असतो आणि ते रकाने राहायलाच हवेत. पण जी भिंतीला टेकून नुसती “बरंय” म्हणते, तिच्यासाठी त्या कागदावर जागा नाही.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणं, चिडचिड होणं हे कितीतरी जणींना होतं आणि पंधरवड्यात आपोआप निवळतं. त्याला आजार म्हणायची गरज नाही. पंधरा दिवस उलटल्यावरही जे उरतं, ते आपलं काम. म्हणजे एकविसाव्या दिवसापासूनच्या तीन भेटी नेमक्या वेळेवर पडतात. तिसऱ्या ते पंधराव्या महिन्यापर्यंतच्या पाच भेटी २०१८ पासून वेगळ्या आहेतच. वेळापत्रक तयार आहे, माणूस तयार आहे, दार उघडतं आहे. फक्त विचारायचं राहिलं आहे.

आशाताईला यातलं काय जमणार, अशी शंका घेणाऱ्यांनी पाकिस्तानातल्या रावळपिंडीकडे पाहावं. तिथल्या ग्रामीण भागात संशोधक अतिफ रहमान यांच्या चमूने आपल्या आशांसारख्याच लेडी हेल्थ वर्करना अशा आयांशी कसं बोलायचं ते शिकवलं. नैराश्यात असलेल्या ९०३ गरोदर स्त्रिया, ४० युनियन कौन्सिल म्हणजे तिथले स्थानिक प्रशासकीय विभाग, आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून सोळा भेटी. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा शिकवलेल्या कार्यकर्त्यांच्या गटातल्या २३ टक्के बाया नैराश्यात होत्या, हे शिक्षण न मिळालेल्या कार्यकर्त्यांच्या दुसऱ्या गटात ५३ टक्के. २००८ सालची ही गोष्ट. त्या दुसऱ्या गटाच्या घरीही कार्यकर्त्या तितक्याच वेळा जात होत्या, हे लक्षात घ्या. नुसतं जाऊन आल्याने फरक पडला नाही, गेल्यावर काय बोललं याने पडला.

आणि त्यांची युक्ती तर मला फारच आवडते. त्यांनी घरात ‘मानसिक आजार’ हा शब्दच नेला नाही. बाळ चांगलं वाढावं म्हणून आलोय, असं सांगितलं. बाळाच्या नावावर सासू बसली, नवरा बसला, आणि मग आईच्या डोक्यात घोळणाऱ्या ‘माझ्याच नशिबी हे’, ‘मी आई व्हायच्या लायकीचीच नाही’ अशा विचारांना हळूहळू हात घातला गेला. यात फसवणूक कसली? त्या बाळांना जुलाब कमी झाले, लसीही जास्त जणांना मिळाल्या. पुढे गोव्यात गावातल्याच बायांना ‘सखी’ म्हणून शिकवून असाच प्रयोग झाला. फायदा दिसला, पण रावळपिंडीइतका ठळक नाही. तेही सांगायला हवं, नाहीतर उद्या तुम्ही मला विचाराल.

डॉक्टर मित्रांची शंका मला ठाऊक आहे: विचारलं आणि ‘हो’ आलं, तर पुढे काय? पुढे बरंच आहे. रक्त कमी आहे का, थायरॉइड बिघडलंय का, हे आधी पाहा. निम्म्या थकव्याचं मूळ तिथे असू शकतं. सौम्य असेल तर चार-सहा भेटींत ऐकून घेणं, बाळाचं एक काम नवऱ्याकडे सोपवणं, दुपारी तासभर झोप मिळवून देणं, एवढ्यानेही पुष्कळ हलकं होतं. औषध लागलंच तर सर्ट्रालिन दुधात फार कमी उतरतं. पाजणाऱ्या आईला ते देता येतं, तिचं पाजणं बंद करू नका. जिवाचं काही करून घेण्याचे विचार असतील तर तिला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय. टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा पाच आकडी क्रमांक केंद्राच्या भिंतीवर रंगवून घ्या. मारहाणीवर मात्र गोळी नाही. तिथे पोलीस, संरक्षण अधिकारी आणि गावातल्या चार बाया लागतात, आणि नवऱ्याची दारू हा आपल्या खात्याचा विषय नाही असं म्हणून चालणार नाही.

आशाताईंच्या चेहऱ्यावरचा प्रश्नही मला इथून दिसतो आहे: आणखी एक काम? बेचाळिसाव्या दिवसापर्यंतच्या साऱ्या भेटी मिळून अडीचशे रुपये हातात पडतात. या नव्या कामाचे पैसे वेगळे आणि वेळेवर मिळाले पाहिजेत. ‘सेवाभाव’ म्हणून ते फुकटात मागायला माझा स्पष्ट विरोध आहे.

उद्याच्या खुल्या अधिवेशनात ठराव यायचा आहे. त्यात माझ्या मागण्या अशा घालाव्यात. गरोदरपणाच्या शेवटच्या तपासणीत, आणि एकविसाव्या नि बेचाळिसाव्या दिवशी, आईला दोन प्रश्न विचारले जावेत: गेल्या महिनाभरात मन खचल्यासारखं, निराश वाटलं का? कशातच रस वाटेनासा झालाय का? दोन्ही प्रश्न बाई एकटी असताना विचारायचे आणि उत्तर फॉर्मवर लिहायचं. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या एका डॉक्टरला आणि एका परिचारिकेला पुढच्या उपचारांचं प्रशिक्षण मिळावं. आशांचा मोबदला त्याच आदेशात लिहिलेला असावा. शासनाचा नवा फॉर्म छापून यायला वेळ लागेल. तोवर जुन्या फॉर्मच्या समासात पेनाने लिहा, पण येत्या सोमवारच्या भेटीपासून विचारायला लागा.